काशीरामची जागा

कॅलेंडरचे फोटो काढायचे म्हणजे नको ते वगळायचं. हे मी वीस वर्षं केलं आणि चांगलं केलं, उगाच विनय कशाला. देऊळ घ्यायचं, पण देवळाला टेकलेली सायकल घ्यायची नाही. नदी घ्यायची, पण नदीत उभा करून धुतला जाणारा ट्रक घ्यायचा नाही. पुण्यातले आमचे छापखानेवाले चारुदत्त देव दर वेळी बजावायचे, "तारा नकोत, खांब नकोत, पत्रे नकोत. माणूस वर्षभर त्या भिंतीकडे बघणार आहे. रस्त्यावर दिसतं तेच घरात कशाला टांगेल तो?" म्हणणं खोटं नव्हतं. त्यामुळे माझ्या डोळ्यांना सवयच लागली होती. कुठेही गेलो की आधी काय चुकवायचं ते दिसायचं, मग उरलेलं दिसायचं.

त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात देवांनी मला पनवेलला धाडलं. तिथल्या एका पतपेढीला पनवेलच्या आसपासची बारा चित्रं हवी होती. आठ दिवस, लॉजचं भाडं, आणि माझ्या फियाटला पेट्रोल. फियाट माझ्याइतकीच तापट. बोरघाटात एका ट्रकच्या मागे पाऊण तास रांगलो, आणि खोपोलीला उतरल्यावर तिने बॉनेटमधून वाफ सोडायला सुरुवात केली. एका पंक्चरवाल्याने पाणी दिलं. पाणी ओतता ओतता त्याने मी कोण, कुठला, किती मुलं, गाडी केव्हाची, सगळं काढून घेतलं. आपण स्वतः चौकस असलो तरी दुसऱ्याने आपली चौकशी केलेली आपल्याला आवडत नाही, हे मला तिथे कळलं.

लॉज एसटी स्टँडाच्या समोर होतं. खोलीच्या खिडकीतून अख्ख्या कोकणात जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचता यायच्या. पहिले तीन दिवस मी नुसता फिरलो. कामोठ्याला गेलो. भाताच्या खाचरांमध्ये चार मजली इमारत उभी, बाकी सगळी रिकामी आणि तिसऱ्या मजल्यावर एका घरात तेवढे कपडे वाळत घातलेले. बांधावरून एक गृहस्थ ऑफिसची बॅग डोक्यावर धरून उन्हातून चालले होते. त्यांना विचारलं, इथे करमतं का? म्हणाले, "अहो, शेजार आला की करमेल. दोन वर्षं झाली, शेजाराची वाट बघतोय." विचुंब्यालाही तीच कथा, फक्त तिथे शेजार आलेला होता आणि त्यावरून भांडणं सुरू झाली होती. तळोज्याला पाळी सुटायच्या वेळेला पोचलो. वासाने डोकं उठलं. चहाच्या टपरीवर एका कामगाराला विचारलं, "हा वास कसला हो?" त्याने हवेत नाक फिरवलं आणि मनापासून म्हणाला, "वास? कसला वास?" मी गाडीत बसून पाच मिनिटं हसत होतो.

यातलं काहीच कॅलेंडरचं नव्हतं. कॅलेंडरचा होता तो कर्नाळ्याचा सुळका. किल्ल्यावरचा तो अंगठ्यासारखा दगड या मुलखात पिच्छा सोडत नाही. गोव्याच्या रस्त्याला लागलं की तो डावीकडे, वळणानंतर समोर, मग एखाद्या टेकडीच्या खांद्यावरून नुसतं टोक. मी गाडी चालवता चालवता एक खेळ करायला लागलो. रस्त्याकडेचं झाड आणि तो सुळका एका रेषेत कधी येतात ते बघायचं. गाडी दहा पावलं पुढे गेली की रेषा मोडायची. जागचा सुळका जणू चालतोय असं वाटायचं. हा खेळ कुणाच्या पोटापाण्याचा असेल असं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी उरणच्या रस्त्याने निघालो. गव्हाण फाट्याच्या पुढे बंदराचे कंटेनर घेऊन जाणारे ट्रक असे काही अंगावर यायचे, की मी वैतागून मिळेल त्या पहिल्या कच्च्या रस्त्याला गाडी घातली. रस्ता खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात संपला. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण पुढे कळेल. काठावर एक म्हातारा उभा होता. उंच, काटक, कमरेला रुमाल. डाव्या हाताने डावा डोळा झाकून तो उजव्या डोळ्याने पूर्वेकडे, थेट सुळक्याकडे बघत होता. मग हात बदलला, उजवा डोळा झाकला, डाव्याने बघितलं. मान हलवली. पुन्हा उजवा. मी गाडीतून उतरून दहा मिनिटं त्याच्याकडे बघत होतो. शेवटी राहवेना.

"काका, काय बघताय?"

"हाय का गेला ते बगतो," तो न वळता म्हणाला.

"कोण?"

"माजा डोला."

त्याचं नाव काशीराम. डोळ्यांना काचबिंदू झालेला. डावा गेलेलाच होता, उजवाही नळीतून बघावं तसा उरला होता. पनवेलच्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं की गेलेलं परत येत नाही, आणि उरलेलं पावसाळाभर टिकलं तर देवाची कृपा. म्हणून रोज सकाळी हा माणूस काठावर येऊन आपल्याला अजून सुळका दिसतो की नाही हे तपासायचा. हे त्याने अगदी सरळपणे सांगितलं. मी माझ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी खेळत राहिलो.

"फोटोवाले हाव?" त्याने विचारलं. "लांबचा दिसतो त्यात?"

"हो, लांबचं चांगलं दिसतं."

"घरी चला," तो म्हणाला.

घरी त्याची मुलगी दमयंती होती. चाळिशीकडे झुकलेली, सकाळीच पनवेलच्या बाजारात मासळी विकून टेम्पोने परत आलेली, आणि माझ्यावर नजर पडताच "पंखा विकाया आले काय?" असं बापाला विचारणारी. अंगणात सुकट पसरत काशीरामची थोरली बहीण बसली होती, कमळाबाई. सत्तरीची, पाठीत वाकलेली, पण जिभेने ताठ. मला पाणी मिळालं, मग काळा चहा मिळाला, आणि मग काशीरामने दाराला कडी लावली.

त्याने सांगितलं ते असं. खाडीच्या तोंडाशी पाण्यात त्याच्या घराण्याची एक जागा होती. तिथे खुंट रोवून जाळं लावायचं. आजापणजापासूनची. पण पाण्यावर कुंपण घालता येत नाही. पावसाळ्यात खुंट काढून घ्यावे लागतात, मग तिथे नुसतं पाणी. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या उधाणाला ज्याचा खुंट ज्याच्या जागेवर उभा राहील त्याची ती जागा, असा गावाचा नेम. नाही उभा राहिला तर पंच ती जागा दुसऱ्याला देतात. आणि ती जागा सापडते कशी, तर किनाऱ्यावरच्या खुणांवरून. अमुक वस्तूमागे तमुक वस्तू आली की एक रेषा, दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी रेषा. दोन्ही रेषा जिथे मिळतात तिथे खुंट. या खुणा प्रत्येक घर आपल्यापाशी ठेवतं. बाप मुलाला होडीत नेऊन दाखवतो, दुसऱ्या कुणाला सांगत नाही.

"गडी ठेवा की हाताशी," मी म्हणालो.

"गड्याला जागा दाकवली की गडी मालक होतो," काशीराम म्हणाला.

मुलगा त्याला नव्हता. जावई लांब मालवाहू जहाजावर खलाशी होता, तो श्रावणात काम सोडून कायमचा घरी येणार होता आणि हीच होडी चालवणार होता. पण श्रावणापर्यंत काशीरामचे डोळे राहणार नव्हते. आणि मधले अडीच महिने पाऊस, सुळका ढगात.

"मग तोंडी सांगा ना जावयाला, आल्यावर."

"बोटभर चुकला तर पान्यात दीडशे हात चुकते," तो म्हणाला. "शेजारची जागा भाऊबंदाची हाय. त्याच्या जागेत खुंट गेला तर मारामारी. ही बगायची चीज हाय, सांगायची नाय."

मी दमयंतीकडे बघितलं. मला जो प्रश्न पडला तो कुणालाही पडला असता. पण मी तोंड उघडायच्या आत बाहेरून, कडी लावलेल्या दारापलीकडून, कमळाबाई म्हणाली, "आमच्या घरची बाय होडीत पाय ठेवत नाय." म्हातारीचे कान शाबूत होते. दमयंती कपबशा उचलून आत गेली.

तर बेत असा ठरला. मी परका, पुण्याचा, मला खाडीतलं काही कळत नाही आणि कळून उपयोगही नाही. म्हणजे विश्वासू. काशीराम मला होडीतून जागेवर नेणार. मी तिथून दोन फोटो काढायचे, एक डोंगराकडचा, एक दुसऱ्या अंगाचा. कोणत्या वस्तू खुणेच्या ते मला सांगायचं नाही. "समोरचा सगला काडा. काय सोडू नका," एवढंच तो म्हणाला. बदल्यात मला खाडीतून सुळक्याचं चित्र मिळणार होतं, कॅलेंडरचं मुखपृष्ठच. मी आनंदाने हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. रात्रभर वारा सुटला होता, त्यामुळे हवा लख्ख होती. एक वल्हं त्याच्याकडे, एक माझ्याकडे. माझं वल्हं पाण्यापेक्षा हवेतच जास्त चाललं. "भाकऱ्या भाजतोस काय?" असं त्याने एकदा विचारलं. तुमीवरून तो तूवर आला होता, आणि मला ते बरं वाटलं. त्याचा तो उरलेला डोळा किनाऱ्यावरून फिरत होता, मान कोंबड्यासारखी वळत होती. अर्ध्या-पाऊण तासाने त्याने वल्हं थांबवलं, पुन्हा दोन हात मारले, पुन्हा थांबला. त्याच्या कपाळावर घाम होता. एवढं टक लावून बघताना मी कुठल्या फोटोग्राफरलाही बघितलेलं नाही.

"ही जागा," तो म्हणाला. "काड आता. नांगर काठावरच ऱ्हायला, मी होडी धरून ठेवतो." आणि तो डोळे मिटून, वल्ह्यावर डोकं टेकून बसला. थकला होता.

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मनातल्या मनात शिवी हासडली. समोर किनारा, किनाऱ्यावर नारळी, नारळींपलीकडे जुनं पांढरं देऊळ, मागे निळ्या डोंगरांच्या रांगा, आणि सुळका. आणि त्या सुळक्याच्या अगदी पुढ्यात, त्याच्या बुंध्याला घासून, नव्या कॉलनीची सिमेंटची पाण्याची टाकी. चार पायांवर उभी, शेवाळलेली, वर शिडी आणि दिव्याचा खांब. अख्ख्या क्षितिजावर तिला दुसरीकडे कुठे जागा मिळाली नव्हती.

मी अंदाज बांधला. खुणा म्हणजे देऊळ आणि सुळका, दुसरं काय असणार? आजापणजाच्या खुणा. टाकी तर काल-परवाची. ओहोटी लागली होती आणि होडी हळूहळू आपसूक सरकत होती. काशीराम वल्ह्याने ती धरून ठेवत होता, पण डोळे मिटलेले, हात दमलेले. मी बघत राहिलो. टाकी हळूहळू सुळक्यापासून सुटली, बाजूला गेली, आणि चार-पाच मिनिटांनी नारळींच्या झापांमागे पूर्ण नाहीशी झाली. सुळका एकटा उभा राहिला, खाली देऊळ. मग मी बटण दाबलं. सहा-सात फोटो काढले, मग वळून दुसऱ्या बाजूचेही काढले.

"इतका वेल लागतो?" काशीरामने विचारलं.

"यंत्राला लागतो," मी म्हणालो. असल्या थापा मी गिऱ्हाइकांना रोज मारायचो.

परत येताना तो फार खुशीत होता. आपल्या बापाने त्याला ही जागा पहिल्यांदा दाखवली तेव्हा होडीत उलटी कशी झाली, ते सांगून एकटाच हसत होता. मीही हसलो. मला वाटलं, आज आपण दोन चांगली कामं केली.

रोल पनवेलच्या स्टुडिओत टाकला. प्रती यायला तीन दिवस लागले, तोवर मी उरलेली चित्रं काढली, वडाळे तलावावर, कर्नाळ्याच्या रानात, आणि कुठेच माझं लक्ष नव्हतं. तो फोटो कसा आला असेल, म्हातारा काय म्हणेल, खुणा मी ओळखल्या त्याच निघतील का, हेच डोक्यात. शेवटच्या दिवशी प्रती हातात आल्या. फोटो देखणा होता, खोटं कशाला बोलू. मी दोन्ही मोठ्या करून घेतल्या होत्या.

काशीरामच्या घरी गेलो तेव्हा तो काठावर नव्हता, ओटीवर बसला होता. दमयंती दाराशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दोन दिस झाले, डोंगर दिसत नाय बोलतात. तुमच्या फोटूची वाट बगत बसलेत." मग बापाला म्हणाली, "बाबा, आले फोटूवाले."

दाराला पुन्हा कडी लागली. काशीरामने पहिला फोटो हातात घेतला, नाकाशी नेला, तिरपा केला, खिडकीच्या उजेडात धरला. मग तो दमयंतीच्या हातात दिला.

"बोल काय दिसतं."

"सुलका. मांगं डोंगर. देवूल. नारली."

"टाकी कंच्या अंगाला हाय?"

"टाकी नाय यात," दमयंती म्हणाली.

"नीट बग."

"नीटच बगते, बाबा. टाकी नाय."

काशीरामने माझ्याकडे तोंड वळवलं. त्याला मी दिसत नव्हतो, तरी त्याची नजर चुकवावीशी वाटली. "टाकी कुटं गेली?"

"पण टाकी तर नवी आहे," मी म्हणालो. "मला वाटलं, देऊळ..."

"आदी चिंच होती. माजा बापूस चिंच धरायचा. कॉलनीवाल्यांनी चिंच तोडली, त्याच जागी टाकी बांदली. तवापासून टाकी. सुलका टाकीला घासला म्हंजे आपली जागा." तो थांबला. "मी तुला जागेवर नेला तवा टाकी पुड्यातच होती. मना दिसत होती. मना. तुला कशी नाय दिसली?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. कॅमेऱ्याचा दोष, भिंगाचा दोष, काहीही चाललं असतं. पण त्या घरात ते जमेना. मी सांगितलं, की मला ती दिसली होती. फोटो खराब दिसेल म्हणून मी होडी वाहू दिली, टाकी झापांआड जाईपर्यंत थांबलो आणि मग फोटो काढला. म्हणजे दुसऱ्या बाजूचाही त्याच चुकलेल्या जागेवरून. दोन्ही फोटो सुंदर आणि दोन्ही कुचकामी.

काशीरामने दमयंतीच्या हातातला फोटो परत घेतला. त्याने ओरडावं, शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. तो नुसता फोटोच्या कडेवरून बोट फिरवत बसला. मी म्हणालो, चला, आत्ता जाऊ, पुन्हा काढतो, शंभर फोटो काढतो. तर तो म्हणाला, "आता कुटं थांबायचा ते कोन सांगल? मना टाकी दिसते काय आता?"

मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

दमयंतीने तो फोटो बापाच्या हातातून काढून घेतला आणि चुलीपाशी ठेवला. मग पदर खोचला.

"बाबा, उठा. होडी काडू."

"कोन वल्हवल?"

"मी."

बाहेर अंगणात कमळाबाई उठून उभी राहिल्याचं मला आवाजावरून कळलं. दमयंतीने कडी काढली आणि दार सताड उघडलं. कमळाबाई समोरच होती.

"दमे, सात पिड्यांत कंची बाय होडीत बसली नाय."

"सात पिड्यांत कंच्या बाप्याचे डोले असे गेले नव्हते," दमयंती म्हणाली. मग बापाकडे वळून तिने जे विचारलं ते ती बहुधा चार दिवस गिळून बसली होती. "पुन्यावरनं आलेला मानूस चालतो. त्याचा फोटूचा डबा चालतो. सगल्यांचे डोले चालतात होडीत. माजे का नाय चालत, बाबा? मी तुमची नाय?"

 काशीरामने हात पुढे केला, आणि तो धरून दमयंतीने त्याला उठवलं.

मीही उठलो. एक वल्हं माझं, हे मी गृहीतच धरलं होतं. पण काठावर दमयंती थांबली. "तुमी नका येऊ," ती म्हणाली. रागाने नाही, सरळ. "अर्दी खून तुमाला कलली. दुसरी आमच्या घरात ऱ्हाऊ दे." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

तिने पाय पाण्यात घातला, मग होडीच्या काठावर, मग आत. वाड्यातल्या दोन-चार बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या. पहिली दहा-वीस वल्ही वेडीवाकडी पडली, होडी गोल फिरली. काशीराम काहीतरी बोलला. मग होडी सरळ झाली आणि बाहेर जायला लागली.

मी गाडीतून लांबचं बघायचं मोठं भिंग आणून कॅमेऱ्याला लावलं. राहवत नव्हतं, आणि ती काय करते हे बघायचा मला हक्कच आहे असंही वाटत होतं. भिंगातून होडी हाताच्या अंतरावर आली. दमयंती वल्हं टाकून उभी राहिली होती, डोंगराकडे तोंड करून. ती बोलत होती, काशीराम ऐकत होता, मग त्याने हाताने जरा पलीकडे, जरा अलीकडे अशी खूण केली. ती बसली, दोन वल्ही मारली, पुन्हा उभी राहिली. असं किती वेळा तरी झालं. मग काशीरामही चाचपडत उठला. त्याने मागून तिचे खांदे धरले आणि तिला हळूहळू दुसरीकडे वळवायला लागला.

ती वळून कुठे बघतेय एवढं मी बघितलं की झालं असतं. भिंग तिच्या नजरेच्या दिशेने थोडं फिरवायचं होतं. वीस वर्षांत मी एखादी गोष्ट बघायची सोडली असं झालं नव्हतं. मी कॅमेरा डोळ्यावरून काढला, त्याला झाकण लावलं, आणि खाडीकडे पाठ करून एका पालथ्या टोपलीवर बसलो.

समोर कमळाबाई उभी होती. आता मला दिसत होता तो फक्त तिचा चेहरा. डोळ्यांवर उन्हाला आडवा हात धरून ती माझ्या डोक्यावरून पाण्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. तिला खुणा माहीत असायचं कारण नव्हतं. मी तिला विचारलंही नाही. ऊन चढत गेलं. सुकटीवर कावळे उतरले तरी ती हलली नाही, आणि मी त्यांना हाकलायला उठलो नाही.

"दगड सोडला," ती एकदम म्हणाली.

"म्हणजे?"

"जागा भेटली की तो दगड सोडतो. नांगराचा." तिने डोळ्यांवरचा हात काढला. "तिनंच सोडला. तिच्या हातानं."

होडी परत यायला भरती लागेपर्यंत वेळ गेला. मी मान वळवली नव्हती, मला ती कळली ती वल्ह्यांच्या आवाजावरून. आवाज आता एकसारखा येत होता. कमळाबाईने लुगडं वर खोचलं, माझ्या बाजूने खाली उतरली, आणि गुडघाभर चिखलात जाऊन होडीचा दोर हातात घेतला.